तीन झगे आणि एक चित्र

विद्यापीठाच्या नाट्यविभागात बावीस वर्षांत पाच विभागप्रमुख होऊन गेले, रंगमंचाच्या फळ्या दोनदा बदलल्या, पण कपडेपटाच्या मावशी त्याच राहिल्या. नेमणूक अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात त्या कागदोपत्री नोकरीत नसायच्या, तरी सकाळी साडेनऊला कुलूप उघडायला त्याच यायच्या. किल्ली त्यांच्याकडे होती आणि ती कोणाकडे द्यायची हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

कपडेपटाची खोली रंगमंचाच्या खाली. एक खिडकी, तीही सायकली लावतात त्या बाजूला, त्यामुळे बाहेर पाहिलं तर नुसती चाकं दिसायची. भिंतींना लोखंडी दांड्या, त्यांवर दाटीवाटीने हँगर, आणि खाली सात ट्रंका. प्रत्येकीवर मावशींच्या हातचा कागद चिकटवलेला: राजे. गरीब. पोलीस-डॉक्टर-वकील. म्हातारे. भुतं. परदेशी. सातव्या ट्रंकेवर नुसतं 'इतर'. तिच्यात काय आहे ते मावशींनाच माहीत, आणि अडलं की सगळे तिच्यापाशीच यायचे.

नाटकाच्या छापील पत्रिकेवर मावशींचं नाव दर वेळी असायचं, शेवटून दुसऱ्या ओळीत, चहावाल्याच्या आभारांच्या वर. 'कपडेपट' आणि पुढे नाव. 'वेशभूषा' या शब्दापुढे ज्या विद्यार्थ्याची परीक्षा असेल त्याचं नाव यायचं, कारण त्याला त्याचे गुण होते. वेशभूषा म्हणजे कोणी काय घालायचं ते ठरवणं. कपडेपट म्हणजे ते शोधणं, शिवणं, धुणं, इस्त्री करणं आणि प्रयोग संपल्यावर घामेजलेलं परत घेणं. कागदावर असं होतं. प्रत्यक्षात विद्यार्थी दारात उभा राहून म्हणायचा, "मावशी, मला एक बाई हवीय. विधवा नाही, पण झाल्यासारखी." मावशी त्याच्याकडे न बघता दांडीवरून एक करडा कोट काढायच्या, त्याचं वरचं बटण खालच्या काजात अडकवायच्या, आणि बाई तयार व्हायची. हे आपल्याला कसं सुचलं ते विद्यार्थी मग वहीत दोन पानं लिहायचा.

मावशींना याचं काही वाटत नाही, असं सगळे धरून चालले होते. वाटत होतं. संध्याकाळी घरी भांडी जरा जोरात आपटली की नवरा ओळखायचा, आज कोणाला तरी पैकीच्या पैकी गुण पडले.

त्या वर्षी विद्यापीठाने पहिल्यांदाच वेशभूषाकाराचं कायम पद काढलं. पद एक. वय पंचावन्नच्या आत हवं. मावशींना फेब्रुवारीत पंचावन्न पूर्ण होणार होती. अनुभव म्हणून एका संपूर्ण नाट्यहंगामाची स्वतंत्र वेशभूषा छापील दाखवायची, आणि सोबत पोशाखांच्या चित्रांची फाइल. बावीस वर्षांच्या पत्रिका मावशींनी एका पिशवीत जपल्या होत्या. एकीवरही तो शब्द त्यांच्या नावामागे नव्हता.

विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितलं, की येत्या सीझनची चारही नाटकं त्यांची. विद्यार्थ्यांची परीक्षा या वेळी नेपथ्यावर घेऊ, सीझनच्या छापील पुस्तिकेत वेशभूषा म्हणून तुमचंच नाव जाईल. या विभागप्रमुखांना मुलं मागून डगरीसर म्हणायची, कारण त्यांचे हात कायम दोन्ही डगरींवर असायचे. मावशींना हे ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण त्यांना आठवली ती फार नंतर.

सीझनला एक राजाचं नाटक होतं, एक कोर्टातलं, एक फार्स, आणि एक सरांचं स्वतःचं, ज्यात अकरा जण राखाडी कपड्यांत उभे राहतात आणि काही बोलत नाहीत. राखाडी कपडे एका दुपारी झाले. कोर्ट तीन दिवसांत झालं. फार्सला दारं जास्त लागतात, कपडे कमी. मावशींचा जीव अडकला तो राजाच्या नाटकात.

त्यात राजाचं राज्य तीन अंकांत हातचं जातं, पण राजा जागचा हलत नाही. तिन्ही अंक तो सिंहासनावरच असतो. मावशी आठ दिवस तालमीला मागच्या रांगेत बसल्या. राजा झालेला मुलगा उंच, खांद्यांनी रुंद. रडला तरी पैलवानच वाटायचा. दिग्दर्शक ओरडायचा, लहान हो, आतून लहान हो. मुलगा नुसता वाकायचा. नवव्या दिवशी मावशींनी ट्रंकेतला जुना लाल पडदा काढला आणि त्यातून तीन झगे बेतले. एकासारखा एक, फक्त दुसरा पहिल्याहून चार बोटं लांब आणि खांद्यात दोन बोटं रुंद, तिसरा त्याच्याहूनही तितकाच. मुलगा स्वतः काही न करता अंकागणिक झग्यात बुडत जायचा. तिसऱ्या अंकात त्याची बोटं बाहीबाहेर येत नव्हती. त्या दिवशी तालीम संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, आज जमलं तुला, आणि मुलगा खूश झाला. मावशींनी तिन्ही झगे हँगरला लावले. बघणाऱ्याला कळता कामा नये, हेच तर त्यातलं काम होतं.

राहिली चित्रं. मावशींना चित्र काढता येत नव्हतं. माणूस काढायला जावं तर हँगर व्हायचा. म्हणून त्यांनी सुनेला सांगितलं.

सून तीन वर्षांपूर्वी घरात आलेली. कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स केलेली, तयार कपड्यांच्या एका कंपनीत होती. कंपनी बंद पडली तेव्हापासून सासूबरोबर कपडेपटात यायची, रोजंदारीवर. हात सफाईदार, जीभही. चित्रं तिने पंधरा दिवसांत पुरी केली, जेवणाच्या टेबलावर, शिवून तयार असलेला एकेक कपडा समोरच्या खुर्चीवर टाकून. आधी कपडे, मग चित्रं. एकूण एकेचाळीस झाली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिने सवयीने सही केली, आद्याक्षर आणि आडनाव. आडनाव तर एकच असणार. दोघींचं आद्याक्षरही एकच होतं. मावशी म्हणाल्या, बरं झालं, कोणाचीही खपेल. तेव्हा दोघी हसल्या. मावशींनी फाइल वरवर चाळली. रेघोट्यांतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून मिटून ठेवली.

पुस्तिका छापून आली त्या संध्याकाळी मावशींनी एक प्रत पर्समध्ये घालून घरी आणली. वर 'आगामी नाट्यहंगाम', खाली चार नाटकं, आणि चारही नाटकांखाली 'वेशभूषा', पुढे आद्याक्षर आणि आडनाव. नवऱ्याने चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पुस्तिका येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी कपाटाच्या काचेला टेकवून उभी केली. थोड्या वेळाने सून आली. तिने आपल्या पिशवीतून दुसरी प्रत काढून टेबलावर ठेवली.

"आई, सरांनी शब्द पाळला," ती म्हणाली. "माझं नाव आलं."

मग एकेक उलगडलं. सरांनी तिलाही सांगितलं होतं, महिन्यापूर्वी, मावशी बँकेत गेल्या होत्या त्या दिवशी. तरुण आहेस, शिकलेली आहेस, या सीझनला वेशभूषेत तुझं नाव टाकतो, पदासाठी अर्ज कर. आईंना लगेच सांगू नकोस, असंही ते म्हणाले होते. मावशींनाही त्यांनी तेच सांगितलं होतं, सुनेला लगेच सांगू नका.

मावशींचा मुलगा हात धुऊन जेवायला आला आणि दोन पुस्तिका बघून हसला. "भांडायचं काय त्यात? नाव घरातच आहे ना? एकीला नोकरी लागली की झालं."

"कुठल्या एकीला?" बायकोने विचारलं.

तो पुन्हा हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दोघी सरांकडे गेल्या, बरोबरच, कारण एकीने आधी जाणं दुसरीला चाललं नसतं. सरांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. जागा कमी म्हणून पुस्तिकेत आद्याक्षरंच घेतात, म्हणाले. त्यांचं स्वतःचं नाव तीन ओळींत होतं, पदव्यांसकट. आता अर्जाला विभागाचं पत्र जोडावं लागेल, की हे आद्याक्षर अमक्या व्यक्तीचं. पत्र अर्थात एकच देता येईल. त्यांनी ते तिथल्या तिथे टाइप करून घेतलं, शिक्का मारला, सही केली, आणि नावाची जागा कोरी ठेवून कागद दोघींच्या बरोबर मधोमध सरकवला.

"घरातला प्रश्न आहे. मी कोण मध्ये पडणारा? नाव तुम्ही घरीच घाला."

पत्र घरी आलं आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लागलं, कारण ते सासूच्या कपाटातही ठेवता येत नव्हतं आणि सुनेच्याही. मुदत चार दिवसांची होती. दूध काढायला दार उघडलं की पत्र हलायचं, आणि दुसरी कोणी स्वयंपाकघरात असली तर ती मान वर करून बघायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटलं. सून म्हणाली, फाइल माझी आहे, एकेचाळीस चित्रं मी काढली.

"आणि कपडे?"

"कपडे कोण बघतंय, आई? ते फाइल बघणार."

मावशींना ते उद्धट वाटलं. आणि खरं वाटलं, म्हणून जास्तच उद्धट वाटलं. त्या नको ते बोलून गेल्या. म्हणाल्या, आयत्या बिळावर नागोबा व्हायला कोर्स करावा लागत नाही. सुनेने गॅस बंद केला आणि आत निघून गेली. नवरा म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कोणाला. मावशींनी त्याला विचारलं, त्या तोंडात तुम्ही कुठे बसता ते आधी सांगा. त्या रात्री सगळे पाळीपाळीने जेवले.

चौथ्या दिवशी सकाळी पत्र टेबलावर होतं. कोऱ्या जागेत मावशींचं पूर्ण नाव, सुनेच्या गोल अक्षरात.

"तुमचं हे शेवटचं वर्ष आहे," सून पाठमोरी राहूनच म्हणाली. "मी एकोणतीसची आहे. मला अजून जाहिराती दिसतील." मग वळली. "फक्त एक करा. चित्रं तुमची का, असं विचारलं तर हो म्हणायचं आणि तोंडात मूग धरून बसायचं. सही एकच आहे. जमेल ना?"

मावशी म्हणाल्या, न जमायला काय झालं. त्यांना तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. पण परवाचा नागोबा अजून दोघींच्या मध्ये फणा काढून बसलेला होता, आणि चुकलं म्हणायची त्या घरात कोणाला सवय नव्हती.

मुलाखत कुलसचिवांच्या खोलीत झाली. समोर तिघं: कुलसचिव, डगरीसर आणि बाहेरून बोलावलेल्या एक तज्ज्ञ बाई, ज्यांचा चष्मा साखळीने गळ्यात लोंबत होता. पहिले प्रश्न सोपे गेले. किती वर्षं, किती नाटकं, मशीन कोणतं. तज्ज्ञ बाईंनी फाइल मनापासून पाहिली. रेषा मोकळी आहे, म्हणाल्या. चित्रं तुमचीच ना, असं त्यांनी पान उलटता उलटता विचारलं आणि मावशींनी मान हलवली. इतकं सोपं होतं ते. मान हलवायला किती वेळ लागतो?

मग बाई राजाच्या पानावर थांबल्या. फाइल मावशींकडे वळवून म्हणाल्या, "हा पोशाख मात्र सपाट वाटला मला. तीन अंक राजा एकाच झग्यात? त्याचं राज्य हातचं चाललंय, आणि कपड्यांवर त्याची खूण नाही. इथे तुम्ही विचारच केलेला दिसत नाही."

सर घाईने म्हणाले की विभागाला खर्चाच्या मर्यादा असतात. मावशींनी फाइल जवळ ओढली. चित्रात एकच झगा होता. पहिल्या अंकाचा. बोटं पूर्ण बाहेर, एका बोटात अंगठीसुद्धा. सून ज्या दिवशी तो काढायला बसली त्या दिवशी बाकीचे दोन तालमीला गेले होते, आणि एरवी दांडीवर तिन्ही एकाच मापाचे वाटायचे.

बाईंचा आक्षेप साधा होता. त्यावर पुढच्या वेळी लक्ष ठेवीन, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दोन गुण गेले असते. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मावशींना विचारलं होतं, की तुम्ही विचार केला होता का.

"हे चित्र चुकलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"झगे तीन आहेत."

आणि त्या उभ्या राहिल्या. खांदा कुठे रुंदावला, लांबी किती सोडली, तिसऱ्या अंकात बोटं कशी नाहीशी होतात, ते स्वतःची बाही ओढून त्यांनी दाखवलं. हे त्या आजवर कोणाला बोलल्या नव्हत्या, त्यामुळे थांबता येईना. तज्ज्ञ बाई पुढे झुकून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि त्या कौतुकानेच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "इतकं सगळं डोक्यात असताना तुम्ही एकच झगा का काढलात?"

"मी कुठे काढला? तिच्यासमोर खुर्चीवर एकच होता."

कुलसचिवांनी पेन खाली ठेवलं. पुढचं दोन मिनिटांत आटोपलं. ती म्हणजे कोण? सून. मग सही? सुनेची. आधी चित्रं की आधी कपडे? आधी कपडे. मग कपडे कशावरून केले? अंगावरून, मावशी म्हणाल्या, कपडे दुसऱ्या कशावरून करतात? तज्ज्ञ बाई हळू आवाजात काहीतरी बोलू लागल्या, पण कुलसचिवांनी नियम वाचून दाखवला: फाइल उमेदवाराची स्वतःची नसेल तर अर्ज बाद. सर छताकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण, असं ते नंतर चहाला म्हणाल्याचं मावशींच्या कानावर आलं.

घरी येऊन त्यांनी पायातली चप्पलही न काढता सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायची अक्कल असती तर ती दुपारीच वापरली असती. सून ऐकत राहिली. ओरडली नाही.

"मी गप्प बसले ना, आई?" ती म्हणाली. "माझी फाइल, माझी सही, आणि मी माझ्या हाताने तुमचं नाव लिहिलं. तुम्हाला अर्धा तास गप्प बसता आलं नाही?"

"चित्र चुकलं होतं गं."

"मग चुकू दे की. झगा बघायला कोण येणार होतं तिथे?"

सुनेच्या अर्जाची मुदत तर केव्हाच गेली होती. दोघींपैकी एकीची होऊ शकणारी नोकरी आता एकीचीही नव्हती. सून आत जाता जाता थांबली आणि म्हणाली, "आणि परक्या तीन माणसांसमोर माझं चित्र चुकलं म्हणालात. तेवढं एक राहिलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ती कपडेपटात आली नाही. एका दुकानात तयार कपडे कमीजास्त करून द्यायचं काम तिने धरलं.

पद भरलं. ज्याची फाइल सगळ्यांत जाड होती तो आला. तिशीतला, नम्र. पहिल्याच दिवशी म्हणाला, मावशी, मी तुमच्याकडून शिकणार आहे. मुलं त्याला नवे साहेब म्हणू लागली. राजाच्या नाटकाला तीन आठवडे होते. नव्या साहेबांनी दांडीवरचे सगळे कपडे कपाटातल्या फाइलशी ताडून पाहिले. सुनेची फाइल विभागाने परत दिली नव्हती. राजापाशी ते थांबले. चित्रात झगा एक आणि दांडीवर तीन, आणि तिन्ही सारखेच. एक राहू द्या, म्हणाले, अंगाला नीट बसतो तो. बाकीच्या दोन्हींचं कापड चांगलं आहे, सिंहासनाची गादी होईल.

या वेळी मावशी गप्प बसल्या. ते इतकं छान जमलं, की नव्या साहेबांना त्या फार समजूतदार वाटल्या. दोन दिवस त्यांनी खिडकीपाशी बसून टाके उसवले. मोठ्या झग्याला टाके जास्त होते.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. राजा तिन्ही अंक एकाच झग्यात सिंहासनावर बसला, लाल गादीवर, आणि शेवटी रडला तेव्हा कोणीतरी पैलवान कुस्ती हरल्यासारखा दिसला. टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात वेशभूषा समर्पक असल्याचं म्हटलं होतं. नव्या साहेबांनी कात्रण फळ्यावर लावलं.

रविवारी दुपारी सून पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशी दाराशी आल्या आणि उगीचच उभ्या राहिल्या. बऱ्याच दिवसांत दोघी कामापुरतंच बोलत होत्या, मीठ दे, फोन वाजतोय, असं.

"कसा झाला प्रयोग?" सुनेने वर न बघता विचारलं.

"झाला."

"तिसऱ्याची बाही कुठवर यायची?"

मावशींनी स्वतःच्या हातावर दाखवलं, बोटांच्या पुढे, हवेत. सून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"मला सांगितलं असतंत तर तीन काढले असते."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

सुनेने घडी घातलेला शर्ट उलगडला आणि पुन्हा घातला, होती तशीच घडी. मग तिने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून ती दोघं वेगळी राहणार आहेत. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय, दुकानाच्या जवळ. यांनी तुम्हाला सांगायचं ठरलं होतं, पण ते सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

मावशींनी पलंगावरचा एक टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग विचारलं, "खिडक्या किती आहेत? पडदे लागतील ना?"

"लागतील," सून म्हणाली. "पण माप मी घेईन."